तेवीस नंबर हजर

विज्ञानाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि हे सरांना ठाऊक होतं. वरवर ते रागावल्यासारखं करत, पण मनातून हरखून जात. सव्वीस वर्षं शिकवण्यात घालवली होती त्यांनी. वर्गात पाऊल टाकलं की चाळीस चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरायची आणि कोण न खाता आलंय, कोणाची वही थोरल्या भावानं लिहून दिलीय, कोण आज रडून आलंय, हे त्यांना कळायचं. निदान कळतं असं ते स्टाफरूममध्ये सांगायचे. थोडी अतिशयोक्ती असेल, पण साफ खोटं नव्हतं.

अशा माणसाच्या वर्गात रिमोट आले.

शाळेनं एकाच वर्गापुरते आणले होते, सातवी ‘अ’साठी, आणि सर त्या वर्गाचे वर्गशिक्षक. रिमोट तळहाताएवढा, चार बटणांचा, पाठीवर नंबर चिकटवलेला. दाराशेजारी खिशा-खिशांचं एक कापड टांगलेलं. आत येताना आपल्या हजेरी क्रमांकाचा रिमोट त्यातून घ्यायचा, जाताना परत ठेवायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, त्याखाली तीन उत्तरं आणि अगदी तळाला चाळीस चौकोन. मुलानं बटण दाबलं की त्याचा चौकोन हिरवा व्हायचा. सगळ्यांची उत्तरं आली की मशीन पट्ट्या काढून दाखवायचं: किती जणांचं पहिलं, किती जणांचं दुसरं. कोणाचं उत्तर काय, ते फक्त सरांच्या कॉम्प्युटरवर.

सर हरखले. पहिल्या आठवड्यात तर घरीसुद्धा दुसरा विषय नव्हता. आणि नियम करण्याची त्यांना मुळातच हौस, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. हजेरी तोंडी होणार नाही. पहिल्या प्रश्नाला चौकोन हिरवा झाला म्हणजे मूल हजर. ज्याचा चौकोन दहा दिवस पांढरा राहील त्याची रवानगी ‘ब’ तुकडीत, हे त्यांनी वर चष्म्यातून डोळे मोठे करून सांगितलं. शंका ओरडून विचारायची नाही, चार नंबरचं बटण दाबायचं. आणि एका बाकावरच्या दोघांची उत्तरं सारखीच येत राहिली की मशीन आपल्याला कळवतं, तेव्हा शेजाऱ्याच्या रिमोटकडे बघण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

यातलं दहा दिवसांचं आणि मशीन कळवण्याचं त्यांनी नुसता धाक म्हणून ठोकून दिलं होतं. मशीन असलं काही कळवत नव्हतं.

पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले गेले. सर पूर्वी बाकांच्या मधून फिरायचे, ते आता कॉम्प्युटरपाशी उभे राहू लागले, अर्धं तोंड पडद्याकडे, अर्धं कीबोर्डकडे. हजेरीपट कपाटात गेला. वर्ग असा शांत झाला की शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या बाई एकदा डोकावून गेल्या, आत कोणी आहे की नाही बघायला.

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर दोघी बसायच्या. तेवीस नंबरची टिटवी आणि चोवीस नंबरची मुंगी. ही नावं वर्गानंच ठेवलेली. टिटवीचा आवाज चिरका आणि तोंडाला विश्रांती नाही. सर, पाणी उकळतं तेव्हा त्यातले बुडबुडे कुठून येतात? सर, तुम्ही काल म्हणालात ते आणि पुस्तकातलं वेगळं का आहे? सर कधी वैतागत, पण घरी जेवताना टिटवीचाच किस्सा सांगत आणि बायको हसून बेजार होई. मुंगी त्याच्या उलट. अंगानं एवढीशी, नाव विचारलं तरी दोनदा विचारावं लागायचं. दोघींचं गूळपीठ कसं जमलं हे एक कोडंच होतं.

तर ही टिटवी मध्यंतरी गप्प झाली. सरांना अर्थातच कारण माहीत होतं: रिमोट. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ते म्हणाले, “या रिमोटनं काय केलं सांगू? आमच्या टिटवीची बोलती बंद केली. महिना होत आला, चकार शब्द नाही.” आणि स्वतःच खो खो हसले. गणिताच्या बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. सरांना वाटलं, यांना नवं काही बघवत नाही.

बायकोनंही एकदा विचारलं होतं, “अहो, तुमची टिटवी काय म्हणते? हल्ली तिचं काही सांगत नाही तुम्ही.” सर म्हणाले, आता ती बोलत नाही, नुसती बरोबर उत्तरं देते. ते खरंच होतं. तेवीस नंबर सुटला होता. रोज पाच प्रश्न, त्यातले चार तरी बरोबर. सर पडद्यावरून नजर न काढता म्हणायचे, “शाबास तेवीस. तोंड बंद ठेवलं की डोकं चालतं, बघितलंत?” वर्गात कोणी हसायचं नाही. सरांना वाटायचं, वर्गाला शिस्त लागली.

चोवीस नंबरनं मात्र सरांचं डोकं उठवलं होतं. पाचपैकी पाच चूक. कधीमधी चार. सरांनी आधी समजावलं, मग चिडवलं, मग सरळ फैलावर घेतलं. “चोवीस, डोळे मिटून बटण दाबलं तरी याहून जास्त बरोबर येतील. शेजारी बसून तेवीसकडून काही शिकावं माणसानं.” मुंगी उभी राहायची, खाली बघायची आणि बसायची. एकदा सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर विचारलं, की बाई गं, तुझ्या डोक्यात आहे तरी काय. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते सरांना दिसलं नाही. वर्गात अंधार होता.

महिनाअखेर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मशीनचा तक्ता मागवला. शाळेचा जुनाच रिवाज होता: सहामाहीपूर्वी ‘अ’मधली सर्वांत मागे पडलेली पाच मुलं ‘ब’मध्ये जायची आणि ‘ब’मधली पाच वर यायची. सरांनी शुक्रवारी सकाळी पाच नावं स्वच्छ अक्षरात लिहून दिली. पहिलंच नाव मुंगीचं. सोमवारपासून ती जिन्यापलीकडच्या वर्गात बसणार होती. बाईंनी सही केली आणि सांगितलं, जी पहिली आली आहेत त्यांच्या घरीही फोन करा, नेहमी तक्रारीचेच फोन काय करायचे.

पहिली आली होती टिटवी.

शाळा सुटल्यावर सरांनी स्टाफरूममधून फोन लावला. टिटवीचे वडील शिंपी. फोन उचलला तेव्हा पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. सर खुशीत होते. म्हणाले, मी वर्गशिक्षक बोलतोय, घाबरू नका, तक्रार नाही, कौतुक करायला फोन केलाय. मुलीनं महिन्याभरात जी प्रगती केली आहे तिला तोड नाही. वर्गात पहिली. वागणं तर असं सुधारलंय की विचारू नका. आजच पाचपैकी पाच.

पलीकडचं मशीन थांबलं.

“सर,” वडील सावकाश म्हणाले, “तुम्ही कोणाबद्दल बोलताय?”

“तुमच्या मुलीबद्दल. तेवीस नंबर.”

“ती महिना झाला दवाखान्यात आहे, सर. छातीत पाणी झालंय तिच्या. मी पहिल्याच दिवशी चिठ्ठी पाठवली होती.” मग त्यांचा आवाज बदलला, भ्यायल्यासारखा झाला. “तुम्हाला ती आज वर्गात दिसली का?”

सर ‘हो’ म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता, कारण त्यांनी तिचा हिरवा चौकोन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो शब्द त्यांनी गिळला. त्यांनी टेबलाची कड धरली. काहीतरी गोंधळ झालाय, मशीनचा असेल, असं काहीबाही ते बोलले.

शिंपी बिचारे भले. त्यांना वाटलं, आपणच मास्तरांना अडचणीत टाकलं. “नाही, मला कळलं सर,” ते म्हणाले. “तिची मैत्रीण रोज संध्याकाळी येते. आज सर काय म्हणाले ते सांगते. सरांनी तुला शाबास म्हटलं म्हणते. आमची पोरगी त्या वेळेची वाटच बघत असते, तेवढ्यापुरती उठून बसते. आजारी लेकराला बरं वाटावं म्हणून तुम्ही वर्गात तिचं नाव घेता, हे आम्हाला कळतं. मी तुमचे आभार मानायला येणारच होतो.”

सरांनी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, एकदा एका बापानं दगड मारला होता. पण या आभारांनी जसं झालं तसं कशानंच झालं नव्हतं. गणिताच्या बाई समोर वह्या तपासत बसल्या होत्या. सरांनी विचारलं, टिटवी आजारी आहे हे तुम्हाला माहीत होतं का. बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, सगळ्यांना माहीत आहे. त्या स्वतः दोनदा भेटून आल्या होत्या. आणि मग त्या जे म्हणाल्या ते सर जन्मभर विसरणार नव्हते. “तुम्ही त्या दिवशी तिची बोलती बंद झाली म्हणून हसलात, तेव्हा मला वाटलं, इतका निर्दय विनोद हा माणूस कसा करू शकतो. तुम्हाला माहीतच नसेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

सरांनी कपाट उघडलं. हजेरीपटावर धुळीचा थर बसला होता. आत, त्या महिन्याच्या कोऱ्या पानावर, चार घड्यांची चिठ्ठी. शिपाईमामा दारातच होते. ते म्हणाले, मीच आणून दिली होती, सर. तुम्ही मशीनशी खटपट करत होता. मागे न बघता म्हणालात, हजेरीपटात ठेवा, बघतो. मी ठेवली.

मग सरांनी मशीनचा तक्ता काढला आणि दोन ओळींवर बोट ठेवून खाली खाली जाऊ लागले. एकोणीस दिवस, रोज पाच प्रश्न. तेवीस आणि चोवीस या शेजारच्या दोन ओळींत एकाही प्रश्नाला सारखं उत्तर नव्हतं. एकदाही नाही. ज्या मुलीला काही येत नाही तिच्या हातून चुकून तरी शेजारणीसारखं उत्तर पडेल की नाही? या तक्त्यावरून सरांनी शाबासक्या दिल्या होत्या, बोलणी ऐकवली होती, ‘ब’साठी नावं काढली होती. आणि एवढी साधी गोष्ट दुर्बिणीला दिसली नव्हती. सरांना स्वतःची किळस आली.

शनिवारी सकाळची शाळा. सर सर्वांच्या आधी वर्गात येऊन दाराच्या आत उभे राहिले. मुलं येत होती, आपापले रिमोट घेत होती. मुंगी आली. तिनं चोवीस नंबर घेतला, खिशात टाकला. मग टाचा उंचावून वरच्या ओळीतला तेवीस काढला आणि वळली, तर समोर सर.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी तिला व्हरांड्यात नेलं आणि तिच्या उंचीला येण्यासाठी पायरीवर बसले. विचारलं, हे कधीपासून?

“ती दवाखान्यात गेली त्या दिवसापासून,” मुंगी म्हणाली. “तुम्ही म्हणाला होतात, चौकोन दहा दिवस पांढरा राहिला तर ‘ब’मध्ये. ती परत आली की तिला एकटीला तिकडे बसावं लागलं असतं.”

“मग तिची उत्तरं बरोबर आणि तुझी चूक, हे कसं?”

मुंगीनं इतकं सोपं विचारल्याबद्दल नवल वाटावं तसं त्यांच्याकडे बघितलं. “एका बाकावरून सारखं उत्तर आलं की मशीन तुम्हाला सांगतं ना, सर. बरोबर उत्तर तर एकच असतं. ते मी तिला दिलं.”

सर म्हणाले, अगं, पण मी तुला रोज इतकं बोलत होतो.

“तिला बोलला असतात तर मला ते तिला जाऊन सांगावं लागलं असतं,” मुंगी म्हणाली. “ती रडली असती. रडली की तिला खोकला येतो, आणि खोकला आला की छातीत दुखतं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता विचारण्यासारखं एकच उरलं होतं. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?” मुंगी म्हणाली. उलट उत्तर नव्हतं ते, तिला खरोखरच समजत नव्हतं. “माझ्या शेजारची जागा तर रिकामीच होती, सर.”

सरांनी तिच्याकडून तेवीस नंबरचा रिमोट मागून घेतला आणि ते तडक मोठ्या बाईंकडे गेले. यादी चुकीची आहे, पहिलं नाव काढा, म्हणाले. बाईंना ते पटेना. मशीन काय खोटं बोलतं का? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळांचे शिक्षक हा वर्ग बघायला येणार आहेत, त्यांना काय सांगायचं? शिवाय सही झाली आहे. सरांना सगळं उलगडून सांगायला तोंड होईना. ते एवढंच म्हणाले, “बाई, पाच मिनिटं वर्गात चला. यादी बरोबर घ्या.”

वर्गात आल्यावर सरांनी आधी खिडक्यांचे पडदे सरकवले. ऊन आत आलं. पडद्यावरची अक्षरं फिकी झाली, पण वाचता येत होती. तिसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी होती. बाकाच्या त्या अर्ध्या भागावर धूळ होती आणि धुळीत बोटानं काढलेलं एक छोटं पाखरू. उजेडात ते दारातूनसुद्धा दिसत होतं.

सरांनी मुलांना सांगितलं, आज एकच प्रश्न आहे. कोणाला शिक्षा नाही, कोणाचा नंबर मी बघणार नाही, पण खरं उत्तर द्यायचं. आणि त्यांनी उभ्याउभ्या टाइप केलं: ही जागा महिनाभर रिकामी आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? एक, हो. दोन, नाही.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं, मग मुंगीकडे. मुंगीनं सर्वांत आधी बटण दाबलं. मग चौकोन भराभर हिरवे होत गेले. शेवटी एक तेवढा उरला, तेवीसचा. सरांनी खिशातून रिमोट काढला आणि बटण दाबलं. चाळीसचे चाळीस चौकोन हिरवे झाले आणि पट्ट्या वर आल्या. एक पट्टी पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली: एकोणचाळीस. शेजारची जमिनीला चिकटलेली, दिसेल न दिसेल अशी.

मोठ्या बाई पुढे झुकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “हा एक कोण?”

“मी,” सर म्हणाले.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग त्या रिकाम्या जागेकडे, मग सरांकडे. त्यांनी हातातली यादी सरांना दिली, ‘नवी करून आणा’ एवढं म्हणाल्या आणि निघून गेल्या. सरांनी ती चार घड्या करून खिशात घातली. आज शाळा सुटली की मुंगीबरोबर दवाखान्यात जायचं, हे त्यांनी व्हरांड्यातच ठरवलं होतं. तिथे गेल्यावर टिटवीला काय सांगायचं, हे मात्र ठरत नव्हतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. बरोबर आणलेला हजेरीपट काढला, बाहीनं धूळ पुसली आणि बाकांच्या मधून चालत चालत एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. नाव घ्यायचं, थांबायचं, त्या मुलाच्या तोंडाकडे बघायचं, मग पुढे. वेळ लागत होता. पहिल्यांदा मुलं बिचकली, मग सरळ बसून आपल्या नावाची वाट बघू लागली.

तेविसावं नाव घेतलं तेव्हा सर तिसऱ्या बाकापाशी पोचले होते. सगळा वर्ग एकदम म्हणाला, “दवाखान्यात आहे, सर.”

“हो,” सर म्हणाले, आणि त्यांनी पटावर गैरहजेरीची खूण केली.

मग त्यांनी चोविसावं नाव घेतलं. मुंगी उभी राहिली आणि म्हणाली, “हजर.” नेहमीसारखाच ऐकू येईल न येईल असा आवाज. सर खाली वाकले आणि त्यांनी तिला म्हटलं, पुन्हा एकदा म्हण, मला नीट बघू दे.